दुसरी पडताळणी

दादाने शोधलेली मूळ संख्या अडीच कोटी अंकी होती. एक आणि ती स्वतः, याखेरीज तिला कशानेही भाग जात नाही, असं त्याच्या मशीनने सांगितलं. त्या संध्याकाळी दादा घरी आला, तर आईने दार उघडून विचारलं, “कोण पाहिजे आपल्याला?”

आम्हाला थट्टा वाटली. मग बाबांनीही तेच विचारलं. त्याच्या मित्रांनीही. त्याला ओळखणारी उरले ती मी एकटीच.

“चिमे, तिला कुठेतरी एखादा भाजक असेलच. तपास ना,” दादा म्हणाला. “ती फुटली, की सगळं पूर्वीसारखं होईल.”

“कशावरून?”

“मग दुसरं काय करू? आईला म्हटलं, भाडेकरू म्हणून तरी ठेवून घ्या. ती म्हणाली, घरच्यांना विचारून सांगते.”

अशा संख्येची दुसरी पडताळणी वेगळ्या माणसाने, वेगळ्या मशीनवर करायची असते. ती मी आमच्या प्रयोगशाळेत सुरू केली. चारचा वर्ग करायचा, दोन वजा करायचे, दादाच्या संख्येने भागून बाकी घ्यायची आणि त्या बाकीवर पुन्हा तेच, कोट्यवधी वेळा. शेवटी बाकी शून्य आली तर संख्या मूळ. दुसरं काहीही आलं तर दादाची चूक. दादा रोज माझ्या खुर्चीत बसून त्या एका चुकीची वाट बघायचा.

आज भर दुपारी मशीन थांबलं. पडद्यावर शून्य होतं.

“दादा,” मी हळूच म्हणाले.

तो गडबडीने उठला आणि खुर्ची माझ्याकडे सरकवत म्हणाला, “माफ करा मॅडम, तुमची जागा होती का?”