जिन्यावरची धूळ

मृणालच्या संगणकावर आराखडा टाकला, की ते घर दहा वर्षं राहून झाल्यावर जसं दिसेल, तसं पडद्यावर उमटायचं. डाग पुसून मगच ते गिऱ्हाइकाला दाखवायचं, हा ऑफिसचा रिवाज. आज ती विसरली.

"नंदूच्या जिन्यावर एवढी धूळ?" सरूताईंनी पडद्याला बोट लावलं.

"काकू, वर कुणी चढलेलंच नाही."

सरूताईंनी बोट मागे घेतलं. परदेशातल्या लेकासाठी, नंदूसाठीच तर त्या वरची खोली बांधणार होत्या. मग म्हणाल्या, "खोड तो जिना. त्याची खोली माझ्या स्वयंपाकघराला लागून काढ. पाहुण्यासारखा वर बसवला, तर कशाला थांबेल गं तो?"

मृणालने भिंत सरकवली. घर पुन्हा उमटलं. नव्या खोलीच्या भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीला खडूच्या रेघोट्या होत्या.

"कुणाचं गं हे कार्टं?" म्हणत सरूताईंनी डोळ्यांना पदर लावला.