बाबांची परीक्षा

"ब्रेक, बाबा! ब्रेक!" मिरेल्ला किंचाळली.

उजवीकडच्या गल्लीतून आलेला स्कूटरवाला तिला थेट नाकासमोर उगवल्यासारखा दिसला. पण गाडी कधीचीच उभी होती.

"अगं, तो जाऊ दे म्हणून तर थांबलोय," एर्मेस म्हणाले.

"नशीब!" ती पुटपुटली.

मिलानहून ती आली होती ती एवढ्याचसाठी. ब्याऐंशी वर्षांचे वडील अजून मोदेनाभर जुनी फियाट पिटाळत होते. चाव्या काढून घ्यायच्याच, असं ठरवून ती परवा आली. एर्मेसनी अंगणातल्या तिच्या गाडीभोवती एक फेरी मारली. दोन्ही बाजूंवर ताजे ओरखडे होते.

"मिलानमध्ये कोणाला धड गाडी लावता येत नाही," ती म्हणाली होती.

चाव्यांवरून भांडण झालं, आणि बाबांनी अट घातली. "एक दिवस माझ्याबरोबर हिंड. गाड्यांची तीन संग्रहालयं बघू. चालवणार मी. मग काय ते बोल."

पहिल्या संग्रहालयात शर्यतीच्या लाल गाड्या होत्या. मिरेल्लाचं लक्ष गाड्यांकडे नव्हतंच. बाबा अडखळतात का, पाट्या वाचतात का, हेच ती बघत होती. तेवढ्यात दोरीच्या खांबाला तिचाच गुडघा आपटला.

"हे असं वाटेत कोण ठेवतं? आणि अंधार केवढा!"

बाबांनी तिचा दंड धरला. आता आधार लागतो म्हाताऱ्याला, तिच्या मनात आलं.

दुसरं संग्रहालय एका शेतावरच्या गोठ्यात होतं. तिथल्या छोट्या पांढऱ्या गाडीपाशी एर्मेस रेंगाळले.

"अशाच गाडीतून तुला इस्पितळातून घरी आणलं. रस्ताभर केकाटत होतीस."

"आणि तुम्ही?"

"मीही. माझा आवाज मोठा होता."

ती खळखळून हसली. कितीतरी दिवसांनी.

जेवताना एर्मेसनी वाइन घेतली नाही, गाडी चालवायची म्हणून. मिरेल्लाच्या कोपराने तिचा पेला लवंडला. त्यांनी टेबल पुसलं.

"अगदी आईवर गेलीयस," ते म्हणाले, पण हसले नाहीत.

तिसऱ्या संग्रहालयात तिने त्यांना बाकावर बसवलं.

"बाबा, गाडीचं राहू दे. आधी डोळे दाखवा. आईचे डोळे गेले तेव्हा आपण किती उशिरा जागे झालो! ती दारांना धडकायची आणि आपण तिला धांदरट म्हणायचो. मला पुन्हा तसं नकोय."

"मलाही नकोय," एर्मेस म्हणाले. "चल, आत्ताच जाऊ. डॉक्टरीणबाईंची वेळ घेऊन ठेवलीय."

ती चकित झाली. केवढं भांडण होईल म्हणून कंबर कसून आली होती, आणि हे असे चटकन उठले!

दवाखान्यात ती त्यांना खेटून बसली. त्यांचा हात गार पडला होता.

"घाबरू नका. मी आहे ना."

"मीही आहे," एर्मेस म्हणाले.

आतलं दार उघडलं. नर्सने हाक मारली, "मिरेल्ला ग्वाल्दी?"

मिरेल्लाने वडिलांकडे वळून पाहिलं. त्यांनी तिचा हात थोपटला.

"जा पोरी. या खेपेला आपण वेळेत आलोय."