बारशाची रजा

चौकीवर पाळलेला कुत्रा पिसाळून मेला, त्याच सकाळी नाईक दत्ताजी कोळेकर रजेवर निघाला होता. अजून न पाहिलेल्या लेकीचं बारसं होतं.

"कुणाला चावला असेल, दात लागले असतील, तर आत्ताच सांगा. इंजेक्शनं घ्यावी लागतील," सुभेदारांनी सगळ्यांना बजावलं.

दत्ताजीच्या मनगटावर त्या कुत्र्याच्या दाताचा ओरखडा होता. पण सांगितलं तर छावणीच्या इस्पितळात अडकणार, बारसं हुकणार. तो मुकाट्याने ट्रकमध्ये चढला आणि बायकोला फोन लावला.

"लवकर या हो," ती हसत म्हणाली. "पोरगी हाती लागेल त्याचं बोट चोखते."

दत्ताजीने मनगटावरच्या ओरखड्याकडे पाहिलं आणि तो जडशा पावलांनी ट्रकमधून खाली उतरला. "साहेब, मला दात लागलेत."

सुभेदारांनी त्याचं मनगट हातात घेऊन पाहिलं. "आणि बारसं?"

"होऊ दे माझ्याविना. नाव फोनवर ऐकेन."