झिपरीचं खोकं

"आणि मार रंधो. पिलाच्या अंगाक कुसां लागतली!" काशीबाईंनी फळीवरून तळहात फिरवला आणि लेकाच्या नाकासमोर धरला.

सहदेवनं पुन्हा रंधा उचलला. ओटीवर तांदूळ निवडत बसलेल्या त्याच्या बायकोच्या, सत्यवतीच्या डोक्यात तिडीक गेली. कुत्रीच्या खोक्याला म्हणे कुसं!

बरं, कुत्री तरी कोणती? कान फाटलेली, सदा मासळीच्या वासावर फिरणारी झिपरी. आजवर दोनदा व्याली ती शेजारच्या नर्मदाकाकूच्या गवताच्या गंजीखाली. तेव्हा कोणी चौकशीसुद्धा केली नव्हती. आणि आता तिच्या बाळंतपणासाठी कुणकेश्वरचा नावाजलेला होडीसुतार बारा दिवस घाम गाळत होता. गिऱ्हाइकाची होडी अर्धवट राहून उलटी पडली होती, त्याची त्याला फिकीर नव्हती.

पहिलं खोकं आंब्याच्या फळ्यांचं केलं. काशीबाई म्हणाल्या, "वाळवी लागतली." मोडलं. दुसरं केलं, त्याच्या बाजू ठेंगण्या. "वारो लागतलो." तेही मोडलं. आता तिसऱ्यासाठी घराच्या दाराला म्हणून दोन वर्षं सुकवलेलं फणसाचं लाकूड निघालं होतं. मुंबईच्या आगबोटीतून मुद्दाम काचकागद आणवला होता. काशीबाई स्वतःचं जुनं, मऊ लुगडं फाडून आत घालायच्या घड्या करत होत्या.

आणि सत्यवती? नऊ महिने भरलेली सत्यवती या घरात कोणाच्या खिजगणतीतच नव्हती.

पहिल्या खेपेला असं नव्हतं. तेव्हा सहदेवनं पाळणा केला होता, रंगीत राघू टांगून. काशीबाईंनी वाडीभर मिरवलं होतं. पाचव्या दिवशी पोर गेलं. दुसऱ्या खेपेला सातव्या महिन्यापासून बायका ओटी भरायला येत होत्या, पोट बघून "झील होतलो गो!" म्हणत होत्या. मुलगाच झाला, तोही तिसऱ्या दिवशी गेला. या खेपेला ना ओटी, ना डोहाळे, ना कोणाच्या तोंडून अवाक्षर. सत्यवतीला कळायचं ते कळलं होतं. हे पोरही जगायचं नाही, असं या दोघांनी धरूनच टाकलं होतं. मग कौतुक करायचं ते कुत्रीचं!

तिनं माहेरी नांदगावला जाते म्हटलं, तर काशीबाई फणकारल्या, "मगे झिपरीक कोण बघतला?"

जेवणाची तर त्याहून तऱ्हा. रोज दुपारी तूप सोडलेल्या पेजेचा वाडगा पुढ्यात यायचा. "झिपरीसाठी केललंय. तिना तोंड लावल्यान नाय. तू खा." कुत्रीनं नाकारलेलं सुनेनं खायचं! पहिल्या दिवशी सत्यवतीनं वाडगा सरकवला. पण काशीबाई समोरून हलेनात. शेवटी भुकेनं तिनं तो गिळला आणि मागच्या दारी जाऊन रडली.

आज दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून नर्मदाकाकूनं विचारलं, "काशीबाय, सत्यवतीचे दिवस भरले मां गो?"

"तिचा काय घेवन बसलंस!" काशीबाई ठसक्यात म्हणाल्या. "माका झिपरीची काळजी."

सत्यवतीच्या अंगाचा तिळपापड झाला. सूप आपटून ती नवऱ्यासमोर उभी राहिली.

"अवो, ह्या खेपेक माझ्या पोरासाठी एक फळी तरी तासलात?"

सहदेवनं दचकून गडग्याकडं पाहिलं. "हळू बोल," एवढंच म्हणाला आणि काचकागद घासू लागला.

दोन दिवसांनी खोकं पुरं झालं आणि खळ्यात नाही, पडवीत नाही, थेट माजघरात सत्यवतीच्या चटईशेजारी येऊन बसलं. कुत्री घरात घ्यायची! सत्यवतीनं कपाळावर हात मारला.

दुसऱ्या दिवशी सकाळी झिपरीनंच तिचा सूड उगवला. उलट्या पडलेल्या होडीखाली ती व्याली. सहा पिल्लं. सत्यवती पोट सावरत घरात आली, तिला हसू आवरत नव्हतं.

"व्याली तुमची राणी होडयेखाली! सहा पिलां! आता खोको डोक्यार घेवन नाचा!"

"बरा झाला," सहदेव म्हणाला. त्यानं मान वर केली नाही. तो खोक्याच्या कडांना खोबरेल चोळत होता. काशीबाईंनी लुगड्याची शेवटची घडी आत घातली आणि हातानं दाबून बघितली.

सत्यवतीला काहीतरी जबर बोलायचं होतं. तेवढ्यात कंबरेतून कळ उठली आणि ती उंबऱ्यातच खाली बसली.

सुईण आली. ऊन अंगणात उतरेपर्यंत सगळं पार पडलं. मुलगा. आवाज खणखणीत.

सुईणीनं पोराला पुसून काशीबाईंच्या हातात दिलं. काशीबाई वळल्या आणि त्यांनी नातवाला अलगद त्या खोक्यात, लुगड्याच्या घड्यांवर ठेवलं.

सत्यवती कोपरावर उठली. "आये! तो कुत्रीचो खोको..."

काशीबाईंनी झटकन तिच्या तोंडावर हात ठेवला. "गप," आढ्याकडं बोट करत त्या तिच्या कानात म्हणाल्या. "दोनदा कौतुक आयकल्यान तेना. दोनदा पोर न्हेल्यान."

दारात उभ्या सहदेवनं तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"काशीबाय!" गडग्यापलीकडून नर्मदाकाकूची हाक आली. "रडता कोण गो? काय झाला?"

काशीबाईंनी पदरानं डोळे पुसले, दारात गेल्या आणि आभाळालाही ऐकू जाईल अशा आवाजात ओरडल्या,

"काय नाय गो! झिपरीक सातवा पिलू झाला. काळा नि मरतुकडा. कोण बघूकसुद्धा येव नको!"