पाहुणीची सोबत

साहेबांनी हर्षाला तिसऱ्यांदा तेच विचारलं. अकरा वर्षांची पोर खुर्चीच्या टोकावर बसून पाय हलवत होती. शेजारी बसलेल्या गोऱ्या बाईच्या हातातला रुमाल पिळून पिळून दोरी झाला होता.

चंद्रपूरच्या त्या सरकारी खोलीत कागद सगळे तयार होते. बाईचं नाव कार्मेना. माल्टा नावाच्या बेटावरून, दोन विमानं बदलून आणि नागपूरहून पुढे टॅक्सीने, ती हर्षाला दत्तक घ्यायला आली होती. एकटीच. कागदावर फक्त मुलीचा होकार यायचा राहिला होता. एवढ्या मोठ्या मुलीने तो स्वतःच्या तोंडाने द्यायचा, कोणी पढवायचं नाही, असा नियम. नाही म्हणाली तर फाईल बंद. आणि अकरा वर्षांच्या मुलीची फाईल एकदा बंद झाली की पुन्हा कोण उघडतं? सगळ्यांना तान्हं बाळ हवं असतं.

मागच्या बाकावर बालगृहाच्या अधीक्षिका इंदुताई बसल्या होत्या. गोंडपिपरीकडच्या एका खेड्यातून, आजी वारल्यावर हर्षाला आणलं, तेव्हा ती सहा वर्षांची होती. तेव्हापासून तिच्या उवा काढणं, तापात उशाशी बसणं, पाढे म्हणून घेणं, सगळं इंदुताईंनी केलं. तीस मुलींत डावं-उजवं करू नये, हे त्यांना कळत होतं, जमत नव्हतं. पोरीने हो म्हणावं म्हणून त्या सकाळपासून मनातल्या मनात विनवत होत्या. आणि त्याच मनाचा एक कोपरा 'नाही म्हण, नाही म्हण' असं घोकत होता. त्या कोपऱ्याची त्यांना लाज वाटत होती.

पाच दिवस कार्मेना बालगृहातच राहिली होती. पहिल्या दिवशी रश्श्याने तिच्या डोळ्यांतून पाणी काढलं. दुसऱ्या दिवशी पोट बिघडलं. तिसऱ्या दिवशी न्हाणीत पाल दिसली आणि बाई ओल्या केसांनी ओसरीवर येऊन रडत बसली. पालीचं निमित्त झालं, रडू आधीचंच होतं. हर्षाने तिला तांदळाची पेज करून दिली. एकीचा शब्द दुसरीला कळत नव्हता. तरी बाई आंघोळीला गेली तर हर्षा दाराबाहेर उभी, जेवायला बसली तर शेजारी. पहिल्याच संध्याकाळी आपली वळकटी उचलून ती पाहुणीच्या खोलीत राहायला गेली. पोरीला आई मिळाली, असं सगळं बालगृह म्हणालं. इंदुताईही म्हणाल्या, आणि कोणी सांगितलं नसताना कांदे चिरायला बसल्या.

"बोल बेटा," साहेब म्हणाले. "जायचं का यांच्यासोबत?"

हर्षाचे पाय थांबले. "हिच्यासंगं हिच्या घरचं कोनीच काऊन नाई आलं?"

साहेबांनी इंग्रजीत विचारलं. कार्मेनाने हळू आवाजात उत्तर दिलं. आई जानेवारीत गेली. भाऊबहीण नाही.

"मंग एकटी कशी जाईन ते परत?" हर्षा म्हणाली. "जातो मी."

साहेबांचा चेहरा उजळला. त्यांनी पेन उचललं. इंदुताईंना मात्र काहीतरी खटकलं. या पोरीची बोलायची ढब त्यांना पाठ होती.

"काय म्हून जातेस, हर्षा?"

"पाठराखीन म्हून," हर्षाने सांगून टाकलं. "माही आजी ठमाबाई जाये. गावातली कोनतीबी पोरगी लगन होऊन गेली, का ठमाबाई तिच्यासंगं. नव्या घरी पोरगी रडते. भूक लागली तं कोनाले सांगाव, तिले समजत नाई. आजी तिच्याजवळ झोपे. हे बाईबी इथी नवीच होती. म्हून मी झोपलो तिच्याजवळ."

साहेबांचं पेन कागदावर टेकलेलं होतं. होकार तोंडातून निघाला होता, नियम पाळला गेला होता. इंदुताई गप्प बसल्या असत्या तर सही झाली असती. आणि पोरगी त्या बेटावर पाचव्या दिवशी पिशवी भरून दाराशी जाऊन बसली असती.

त्या उठल्या, पुढे आल्या आणि हर्षासमोर उकिडव्या बसल्या.

"पाठराखीन पाचव्या दिवशी परत येते, बेटा. तुले नाई येता येणार. तिचं घर तेच तुहं घर. नेहमीसाठी."

हर्षाने कार्मेनाकडे पाहिलं. कार्मेनाला शब्द कळले नव्हते, पण काहीतरी अडलं आहे हे कळलं होतं. तिने पोरीकडे हात केला नाही. रुमाल मांडीवर ठेवून ती नुसती थांबली, जे होईल ते ऐकून घ्यायला.

हर्षाचे पाय पुन्हा हलायला लागले.

"आजी परत येत जाये," ती म्हणाली, "कारन का मी एसटीच्या फाट्यावर तिची वाट पाहत राहो. नाई तं मी राह्यलोच असतो तिथी, असं म्हने ते." मग तिने इंदुताईंच्या डोळ्यांत पाहिलं. "मी नाई आलो परत, तं इथी माही वाट कोनी पाहीन काय?"

आजवरच्या पाच वर्षांत इंदुताई या पोरीशी एकदाही खोटं बोलल्या नव्हत्या. आजी आता येणार नाही, हेसुद्धा त्यांनीच तिला सरळ सांगितलं होतं.

"नाई, बेटा," त्या म्हणाल्या. "कोनी नाई पाहनार."