चहाच्या बदल्यात

आमच्या छोट्या बेटावरचा चहा त्या महासत्तेला जायचा आणि बदल्यात तिकडून ट्रॅक्टर यायचे. यंदा सगळे ट्रॅक्टर खटारा निघाले, तेव्हा आमच्या चहाच्या गोदामाचे साहेब मला म्हणाले, “पेट्यांत गोदामातला केर मिसळ. त्यांना काय कळतंय!” मीही खुशाल मिसळला.

बोट भरताना त्या महासत्तेच्या तपासनीस तमाराबाई आल्या. मी त्यांना चांगला चहा पाजला.

“आमच्याकडे घराला महिन्याला एकच पुडी मिळते,” त्या म्हणाल्या. “त्यासाठी माझी म्हातारी आई बर्फात रांगेत उभी राहते. हाच चहा जाणार ना?”

“हो,” मी म्हणालो. पेट्या न उघडताच त्यांनी सही केली.

मी धावत घरी जाऊन आमचा चहाचा डबा आणला. “आईंना हा द्या.”

त्यांचे डोळे भरून आले. पेट्यांबद्दल सांगायला मात्र माझं तोंड उघडलं नाही.