सत्तावीस नंबरच्या बातम्या

परिपाठाच्या बातम्या हजेरीच्या क्रमाने वाचायच्या, असा शाळेचा नियम होता. काल सव्वीस नंबरने वाचल्या होत्या, म्हणून आज सत्तावीस नंबरची मुलगी रांगेतून निघाली आणि व्यासपीठाच्या पायऱ्या चढली. माईकपाशी अठ्ठावीस नंबर कागद घेऊन उभा होता.

वर्गशिक्षिका लगबगीने तिच्याजवळ आल्या. माईकला ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाल्या, "अगं, तुझा नंबर मीच गाळला. तुला त्रास नको म्हणून. जा बाळा, रांगेत जा."

मुलगी बोलताना अडखळायची. एकेका शब्दापाशी थांबत, पण खाली न बघता तिने उत्तर दिलं.

"त्रास मला होत नाही, बाई. तुम्हाला होतो."

तिचं बोलणं संपेपर्यंत अठ्ठावीस नंबरने कागद तिच्या हातात देऊनही टाकला होता. तो तर सुटका झाल्यासारखा दिसत होता.

पहिली बातमी पार पडली. दुसरी टपाल कार्यालयाची होती. सोमवारी ते बंद राहणार होतं, एवढंच. पण 'टपाल'मधला ट काही केल्या सुटेना. माईकमधून नुसती टकटक सगळ्या मैदानावर जाऊ लागली. उन्हात आठशे मुलं उभी होती.

"गाडी बंद पडली रे, धक्का द्या," मागच्या रांगेतून एक जण म्हणाला. थोडी खसखस पिकली.

त्याच्या शेजारच्या मुलीने मान न वळवता त्याला सुनावलं, "तू वाचलंस तेव्हा तुझा आवाज तरी फुटला होता का? गप्प उभा राहा."

तो सरळ उभा राहिला.

मुख्याध्यापकांनी घड्याळ पाहिलं. पहिला तास सुरू व्हायला हवा होता. त्यांनी घंटेपाशी उभ्या असलेल्या शिपाईकाकांना खूण केली. काकांनी हातोडा हातात घेतला, पण टोला मारला नाही. मुख्याध्यापक स्वतः चालत तिकडे गेले, तेव्हा काका अदबीने म्हणाले, "ती खाली उतरली की देतो, सर."

व्यासपीठावर वर्गशिक्षिकांना आता बघवेना. त्या पुढे झाल्या आणि मुलीच्या खांद्यावरून वाकून त्यांनी मायेने शब्द पुरवला.

"टपाल कार्यालय."

माईकने तो स्वच्छ, न अडखळता सगळ्या मैदानाला ऐकवला.

मुलगी थांबली. तिने बाईंकडे पाहिलं. रागाने नाही, आपली वस्तू चुकून उचललेल्या माणसाकडे पाहावं तसं. मग माईक दोन्ही हातांनी धरून आपल्या तोंडाजवळ ओढला, आणि पुन्हा पहिल्या बातमीपासून वाचायला सुरुवात केली.